पायरीजवळचे काळसर रोप

‘आता हे सगळे बंद करा,’ हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या तोंडी फार सहज येते. जिना चढणे बंद, स्कूटर बंद, बागेत जाणे बंद. सत्तरी ओलांडलेले माणूस एकदा पडले, की त्याच्या दिवसातील निम्म्या गोष्टींवर आम्ही काट मारतो, आणि त्याची काळजी घेणाऱ्याच्या दिवसावरही. सामान्य वैद्यकीय व्यवसायाच्या इतक्या वर्षांत मी हे वाक्य किती जणांना ऐकवले असेल याची मोजदाद नाही. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते मी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला दूरध्वनीवरून ऐकवले आणि ते चुकले. ती चूक मला एका रोपामुळे उमगली. म्हणून त्या रोपाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

अक्का आणि दाजी गेली चाळीस वर्षे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातील चेस्टर कौंटीत राहतात. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला असलेला हा उंचसखल, झाडीचा प्रदेश. त्यांच्या घरामागे उतार आहे आणि उतारावर ओक, बीच आणि ट्यूलिप वृक्षांची जुनी झाडे. ही झाडे न तोडता त्यांच्याच सावलीत अक्काने वर्षानुवर्षे बाग केली. आपल्याकडे बाग म्हटली की आपण आधी ऊन शोधतो. तिथे सावलीतल्या बागेची परंपरा जुनी आहे आणि तिचे गणितही निराळे आहे. ही सगळी झाडे पानझडी. मार्चपासून मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत वर छप्पर नसते आणि ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते. जमिनीवरच्या लहान वनस्पतींनी आपला संसार याच सहा-आठ आठवड्यांत उरकायचा असतो. ब्लडरूट येते, व्हर्जिनिया ब्लूबेलची निळी फुले येतात, आणि झाडांना पालवी फुटून छप्पर मिटू लागले की त्यांतली कित्येक जमिनीखाली गडप होतात.

याच मंडळींत तिथले रानजिरेनियम आहे. जिरेनियम हा शब्द आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रात हल्ली काही शेतकरी ज्याची शेती करून तेल काढतात, त्या सुगंधी झुडपालाही आपण जिरेनियमच म्हणतो, आणि थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यांच्या कठड्यांवर कुंड्यांतून लालभडक फुले दिसतात त्यांनाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही पेलार्गोनियम. त्यांचे मूळ घर दक्षिण आफ्रिका; थंडीने जमीन गोठली की ती मरतात. खरे जिरेनियम हे त्यांचे चुलत भावंड. त्याचे नाव ग्रीक भाषेतील क्रौंच पक्ष्याच्या नावावरून पडले, कारण फूल गळल्यावर येणारे फळ क्रौंचाच्या चोचीसारखे लांब आणि टोकदार असते. पेलार्गोनियमचे नाव पडले करकोच्यावरून. चोचींवरून नावे ठेवण्याची ही हौस मला गमतीची वाटते.

अक्काच्या बागेत आहे ते जिरेनियम मॅक्युलॅटम. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत ते आपोआप उगवते. लिनियसने १७५३ मध्ये त्याला हे नाव दिले. मॅक्युलॅटम म्हणजे ठिपकेदार, कारण त्याच्या पानांवर कधीकधी फिकट ठिपके दिसतात. मेमध्ये त्याला गुलाबी-जांभळट, पाच पाकळ्यांची साधी फुले येतात. त्याच्या मूळकांडात टॅनिन भरपूर असते. तिथले मूळ रहिवासी जुलाबावर आणि तोंड आल्यावर त्याचा उपयोग करीत, आणि एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकेच्या अधिकृत औषधसंहितेतही होते. आपल्याकडे आजी डाळिंबाची साल उगाळून द्यायची, त्यातलाच हा तुरट प्रकार. आज कोणी ते औषध म्हणून घेत बसू नये. आपल्याकडे त्याहून चांगली औषधे आहेत.

याच रानजिरेनियमची एक काळसर पानांची जात रोपवाटिकांत मिळते. तिचे नाव एस्प्रेसो. नाव कॉफीचे आणि रंगही तसाच. पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने कोवळी पाने तांबूस-तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी दिसतात. अक्का त्या रंगाला ‘काळ्या अळूच्या देठाचा रंग’ म्हणते आणि ते अगदी चपखल आहे. आमच्या साताऱ्याच्या घरी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू होते. ते आठवूनच तिने हे रोप विकत घेतले असावे असा माझा संशय आहे. ते तिने मागच्या दारच्या दगडी पायऱ्यांशेजारी लावले. दारातून बाहेर पडले की पहिले तेच दिसावे, म्हणून.

दाजींना कंपवात होऊन आठ वर्षे झाली. हा आजार ज्यांच्या घरी आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. हात थरथरतो तो सर्वांना दिसतो. पण आवाज खोल जातो, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावर भाव उमटेनासे होतात, आणि दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, हे सगळे घरच्यांनाच कळते. औषधाचा असर असतो तेव्हा ते एक माणूस असतात, असर उतरला की दुसरे. अक्काचे सारे घड्याळ त्या गोळ्यांवर चालते. त्यात तिने स्वतःसाठी राखलेला एक तुकडा होता : सकाळचा अर्धा-पाऊण तास, बागेत.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच वेळी ती उतारावर पालापाचोळा पसरत होती. दाजी आत खुर्चीत होते. कशासाठी कोण जाणे, ते उठले, मागचे दार उघडून बाहेर आले आणि पायऱ्यांवरून पडले. उजव्या मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे मोडले नाही, हे नशीब. रात्री अक्काचा फोन आला. मी तिला पहिला प्रश्न विचारला, ‘तू कुठं होतीस?’ तो प्रश्न कसा ऐकू गेला असेल हे मला तेव्हा सुचले नाही. सगळे ऐकून मी म्हणालो, ‘अक्का, बागेचं आता राहू दे. बंदच कर. त्यांना सोडून बाहेर जाऊ नकोस.’ ती ‘बरं’ म्हणाली. माझ्या भाच्याचेही तेच मत होते. सर्वांचे एकमत झाले, आणि एकमत झाले म्हणजे निर्णय बरोबर असणार असे आपण धरून चालतो.

यंदा एप्रिलअखेरीस मी सहा आठवड्यांसाठी त्यांच्याकडे गेलो. विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत अक्का काही बोलली नाही. ती थकलेली दिसली, पण मला अस्वस्थ केले ते थकव्याने नव्हे. ती दाजींशी फार नीट, फार हळू बोलत होती, एखाद्या कार्यालयात बोलावे तसे. तिसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब पाहिला तर १६० वर ९६. त्या रात्री दाजी झोपल्यावर स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता ती म्हणाली, ‘तू म्हणालास बंद कर, मी बंद केलं. हिवाळाभर या खिडकीतून बाहेर बघत बसले. आणि खरं सांगू का, मला त्यांचा राग यायला लागलाय रे. त्यांनी चमचा पाडला तरी येतो. पूर्वी कधी आला नव्हता.’

वाचकहो, आपल्यापैकी जे कोणी आजाऱ्याची सेवा करीत आहेत, त्यांना हे वाक्य परके वाटणार नाही. मात्र ते आपण मोठ्याने कोणाला सांगितले नसेल. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या सुना, मुली, पत्नी, आणि आता काही मुलगे आणि नवरेही, हे वाक्य दार ओढून घेतल्यावरच बोलतात. त्यांना मी सांगतो की हा राग माणूस वाईट असल्याची खूण नाही. ही दमछाकीची खूण आहे, जशी धाप ही हृदयाच्या दमछाकीची खूण असते. बहिणीला मात्र मी लगेच काही सांगू शकलो नाही. ते ‘बंद कर’ माझे होते.

आता रोपाकडे येतो. मेचा पहिला आठवडा होता. हिवाळाभर बागेला कोणाचा हात लागला नव्हता आणि बागेचे त्याने काही बिघडले नव्हते. सावलीतल्या बागेला पाने झाडून काढण्याची गरजच नसते. गळलेली पाने तिथेच कुजून माती होतात आणि रानजिरेनियमला ती फुसफुशीत, ओल धरणारी माती फार मानवते. पायरीजवळचे रोप वीतभर वर आले होते, पाने भर काळसर, मधून कळ्यांचे देठ. मी दाजींना चाकाच्या नव्हे, साध्या हातांच्या खुर्चीत दाराबाहेरच्या ओट्यावर बसवले आणि म्हणालो, ‘दाजी, अक्काचं रोप बघितलंत का? कळ्या आल्यात.’

‘कुठलं?’

‘हे काय, पायरीशेजारी.’

त्यांनी बराच वेळ पाहिले. ‘तिथं माती आहे,’ ते म्हणाले.

मी आधी हसलो. मग त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले. तिथे सावली होती. जमिनीवर गर्द तपकिरी रंगाचा सालींचा भुसा अंथरलेला होता, त्यावर तपकिरी पाने, मागे करडा ओला दगड. मला रोप दिसत होते, कारण ते तिथे आहे हे मला ठाऊक होते. आणि पायऱ्या? दोन पायऱ्या, दोन्ही त्याच करड्या दगडाच्या, काठावर कसलीही खूण नाही.

तेव्हा, म्हणजे पडल्यावर सात महिन्यांनी, मी त्यांना विचारले, ‘दाजी, त्या दिवशी काय झालं होतं?’

त्यांचा आवाज आता फार खाली गेला आहे. कान जवळ न्यावा लागतो. ते म्हणाले, ‘पायरी एकच होती. दुसरी नव्हती.’

दाजींची नजर तपासलेली होती. तक्त्यावरची अक्षरे ते चांगली वाचतात, वर्तमानपत्रही वाचतात. पण तक्त्यावर अक्षरे काळी आणि कागद पांढरा असतो. जगात तसे क्वचितच असते. वय वाढते तशी, मोतीबिंदू असला तर अधिकच, जवळजवळच्या रंगछटा वेगळ्या ओळखण्याची डोळ्याची ताकद कमी होते. कंपवातात त्यात भर पडते, कारण ज्या डोपामिनची मेंदूत उणीव होते ते डोळ्याच्या पडद्यातही काम करीत असते. हे मला पुस्तकातून माहीत होते. पण फोनवर मी पायरीबद्दल विचारले नव्हते. अक्का कुठे होती एवढेच विचारले होते. ती त्या वेळी घरात, शेजारच्या खोलीत असती, तरी ते त्या पायरीवर पडलेच असते.

आपल्या घरातही हे पाहता येईल. पांढऱ्या ताटात दहीभात वाढला की आजोबा अर्धा ठेवतात. त्यांना नको असतो असे नाही, कधीकधी तो दिसत नाही. रंगीत ताटात वाढून पाहा. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड, करड्या जिन्याला करड्या कडा, गडद दारासमोर गडद पायपुसणे, या सगळ्या त्याच जातीच्या अडचणी. गडद पायपुसणे तर काही वृद्धांना खड्ड्यासारखे दिसते आणि ते त्यावर पाय ठेवायला कचरतात. आपण म्हणतो, ‘हट्टीपणा करतात.’

दुसऱ्या दिवशी भाच्याने दोन्ही पायऱ्यांच्या काठांवर रुंद पिवळ्या, खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. नंतर एक कठडा बसवला आणि दारावर दिवा. कंपवातात पाय थबकतात तेव्हा जमिनीवरच्या आडव्या रेषेचा काहींना वेगळाच फायदा होतो. ती ओलांडायची म्हणून पाय उचलला जातो. दाजींना तो होतो असे दिसले. रोज नाही, पण होतो.

मग मी म्हणालो, हे रोप इथून काढू, दाजींना दिसेल अशा ठिकाणी लावू. माझ्या हातात खुरपेही होते. अक्काने ते काढून घेतले. ‘कळीवर असताना कोणी हलवतं का? फूल झाल्यावर नाहीतर पानं पिवळी पडायच्या सुमाराला काढतात.’ मी म्हणालो, मी जूनमध्ये परत जाणार. ती म्हणाली, ‘तू जाणार. ते कुठं जाणारेय?’ मग तिने रोपाला हात न लावता त्याच्या भोवतीचे सगळे बदलले. काळपट भुसा हाताने बाजूला केला. उतारावरच्या बीच झाडांखालून पाने गोळा करून आणली. बीचची सुकलेली पाने फिकट गव्हाळ असतात आणि लवकर कुजत नाहीत. ती रोपाभोवती अंथरली, मात्र बुंध्याशी दाटी होऊ दिली नाही. मागे लेडी फर्नचे दोन नेचे लावले, ज्यांची पाने फिकट हिरवी असतात, आणि पुढे टायरेलाची तीन रोपे, ज्यांना याच सुमाराला पांढरे तुरे येतात. दाजी खुर्चीतून पाहत होते. या कामाला पाऊण तास लागला आणि त्यात ती एकदाही मागे वळून ‘काय हवंय?’ म्हणाली नाही. मी होतो ना तिथे.

ज्यांची मुले त्या बाजूला राहतात आणि ज्यांचा उन्हाळा तिकडे जातो, अशा वाचकांसाठी या रोपाविषयी थोडे सांगतो, कारण हे लावणे आपल्या वयात जमण्यासारखे आहे. फूट-दीड फूट उंच होते. उणे २५ अंशांची थंडी त्याला सोसते. हिवाळ्यात वरचे सगळे मरते आणि वसंतात मूळकांडातून पुन्हा येते, त्यामुळे डिसेंबरात ते मेले असे समजून उपटू नये. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली सर्वांत चांगली. गडद सावलीत ते जगते, पण पाने हिरवट होतात आणि फुले कमी येतात. दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे. पहिले वर्षभर पाणी द्यावे, पुढे कोरड्या उन्हाळ्यात पाने करपून ते लवकर झोपी गेले तर घाबरू नये. हरणे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि त्या भागात हरणांनी बागा उजाड केलेल्या मी पाहिल्या आहेत. बी आपोआप पडून उगवणारी रोपे सगळीच काळसर निघत नाहीत. हिरवी निघाली तर तीही चांगलीच असतात. हे रोप इकडे आणायचा विचार मात्र करू नये. त्याला गोठवणारा हिवाळा लागतो, आणि विमानतळावर रोपे-बिया लपवून आणणे कायद्याने गुन्हा आहे. साताऱ्यात लावायचा मोह मलाही झाला होता.

उकिडवे बसून काम करू नये. गुडघ्याखाली जाड उशी किंवा बुटके स्टूल घ्यावे, आणि उठताना क्षणभर बसून मगच उभे राहावे; रक्तदाबाच्या आणि कंपवाताच्या गोळ्यांनी उभे राहताच भोवळ येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हातमोजे घालावेत. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली आहे का, हे आठवावे.

आणि गोचीड. त्या भागातील झाडीत हरणांवर वाढणारी एक बारीक गोचीड आहे. तिच्या चाव्यातून लाइम हा आजार होतो. मे ते जुलै या काळात तिची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि पालापाचोळ्यातच दबा धरतात. म्हणून फिकट रंगाची पूर्ण विजार, ती मोज्यांत खोचलेली, आणि घरात आल्यावर काखा, गुडघ्यामागची खळगी, कानामागे, केसांत नीट तपासणी. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल लावणे, उदबत्तीचा चटका देणे हे आपले जुने उपाय करू नयेत. चाव्यानंतर तीन दिवसांपासून महिनाभरात पसरत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता जांभळट दिसतो आणि नजरेतून सुटतो. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या वाचकांना गोचिडीचे भय सांगायला नको. माकडतापाने तो धडा तिकडे दिलेलाच आहे. अक्का रोज रात्री स्वतःला तपासते आणि मग दाजींना. ‘चाळीस वर्षांत यांच्या कानामागे तीळ आहे हे बघितलं नव्हतं,’ ती एकदा म्हणाली.

मेच्या मध्याला फुले आली. काळसर पानांवर ती फिकट गुलाबी फुले, मागे पोपटी नेचे. दाजींची सकाळची गोळी आठची. ती पोटात गेल्यावर तासाभराने त्यांचा चांगला वेळ सुरू होतो, तेव्हा त्यांना ओट्यावर आणायचे, असे आम्ही ठरवून घेतले. आठवड्यातून दोन सकाळी एक मदतनीस बाई येऊ लागल्या, शनिवारी भाचा. बाकीचे दिवस अक्का दाजींच्या नजरेच्या टप्प्यातच काम करते, आणि त्यांच्या गळ्यात एक घंटी आहे. बागेने तिचा रक्तदाब उतरला असे मी लिहिणार नाही. तिच्या डॉक्टरांनी गोळीही बदलली होती. राग गेला का, असे मी निघायच्या आदल्या दिवशी विचारले. ‘येतो की,’ ती म्हणाली. ‘पण आता आला की बाहेर जाऊन येते.’

एके सकाळी दाजींनी बोट उचलले. बोट थरथरत होते, पण दिशा पक्की होती. ‘काळं अळू,’ ते म्हणाले. अक्का वळून माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोललो नाही. त्यांना रोप दिसले होते, आणि अक्का त्याला काय म्हणते हेही त्यांच्या लक्षात होते.

मी जूनमध्ये परतलो तेव्हा फुले गळून चोची धरल्या होत्या. या चोचींची एक मौज आहे. फळ वाळले की चोचीच्या पाच पट्ट्या एकदम वर वळतात आणि गोफणीतून दगड जावा तसे बी कित्येक फूट दूर उडते. दाजी ते टिपत बसत असे अक्का फोनवर सांगायची. तेवढी चपळ गोष्ट त्यांना कशी दिसायची, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. बहुधा फिकट पानांवर पडलेले काळे बी दिसत असावे.

या ऑक्टोबरात, पडण्याला वर्ष झाले त्याच आठवड्यात, अक्काने ते रोप अखेर खणून काढले. मूळकांडाचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला एक डोळा ठेवून, आणि बोटभर खोलीवर लावले : एक जुन्या जागी, एक दाजींच्या खोलीच्या खिडकीखाली, एक शेजारणीला. त्यासाठी कुजलेल्या पानांची माती चाळून हवी होती. तिने फोन ओट्यावर टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला सगळे दिसत होते. दाजी खुर्चीत बसले होते, मांडीवर जुनी पिठाची चाळणी, हात तिच्या कडेवर. गोळीचा असर उतरत आला असावा, कारण हात चांगलाच थरथरत होता. चाळणीतून काळी माती भुरभुर खाली पडत होती.

‘अहो, दमला असाल तर ठेवा,’ अक्का म्हणाली.

दाजींनी मान हलवली. मग फोनकडे पाहून, अगदी खालच्या आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, म्हणाले, ‘डॉक्टर, याला मेहनत लागत नाही.’